खुर्चीवाल्यातली उचकी

बुटांच्या दुकानात मला उमासा आला तो बुटांमुळे नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण आई अजूनही ते मानत नाही. म्हणजे बुटांचंही अंग होतंच त्यात. मी त्या बुटक्या बाकावर बसले होते आणि माझ्या डाव्या पायात दुकानाचा तो पातळ नायलॉनचा मोजा होता, जो सकाळपासून किती पायांत जाऊन आला असेल कोण जाणे. कोमट, जरासा दमट, जणू आधीच्या बाईने माझ्यासाठीच उबवून ठेवलेला. डिंकाचा वास, रबराचा वास, आणि त्यांच्या मागे दबा धरून बसलेला, लिंबाच्या फवाऱ्याने झाकलेला खरा वास. संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर गिटार वाजवणार होते, मामाच्या बँडबरोबर, तिकीट काढून आलेल्या खऱ्या माणसांसमोर, आणि माझ्या शाळेच्या बुटाचा तळ तोंड उघडून हसायला लागला होता म्हणून आई मला नवे घ्यायला घेऊन आली होती. मी खूश होते. इतकी खूश की त्या मोज्याची किळससुद्धा मला मजेची वाटत होती. शाळेत सांगायला मी मनातल्या मनात तिची वर्णनं रचत होते. छतातल्या जाळीमागून कसलं तरी पाणचट संगीत ठिबकत होतं. आणि मग त्याच जाळीतून खुर्चीवाला सुरू झाला.

खुर्चीवाला म्हणजे अल्बम. आमच्या घरात अल्बमला त्याच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही. वेष्टनावर जे दिसतं तेच नाव. गुडघाभर पाण्यात उभी असलेली स्वयंपाकघरातली रिकामी खुर्ची, तो खुर्चीवाला. ताटलीतून वर बघणारा मासा, तो मासेवाला. नुसता काळा, तो काळा. आणि ज्याचं वेष्टन हरवलं म्हणून जो वर्तमानपत्रात गुंडाळलेला असतो, तो उघडा. ह्या चार तबकड्यांवर मामा गिटार शिकला आणि मामावर मी. चौघांत खुर्चीवाला सगळ्यांत वरचा, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तो सोलो आहे, गिटारचा एकटीचा लांबलचक तुकडा, जो संध्याकाळी मी वाजवणार होते. मामा स्वतः बाजूला उभा राहून मला वाजवू देणार होता. दोन वर्षं मी फक्त त्याच्यासाठी जगले, असं म्हटलं तर आई म्हणेल, आणि मधे जेवत होतीस ते कोणासाठी.

सोलो आला. जिभेला आपले दात माहीत असतात तसा तो मला माहीत आहे. बाकावर बसल्या बसल्या माझी डाव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. तो चढ, ते वळण, ती एक ताणून धरलेली तार जिच्यापाशी दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि मग ती जागा. माझं बोट उडालं. गाणं उडालं नाही.

गाणं सरळ चालत गेलं. जिथे आमच्याकडे सूर मधेच तुटतो आणि एकदम पलीकडे उगवतो, तिथे त्या जाळीतल्या माणसाने चार मात्रा वाजवल्या, न अडखळता, आपल्याच घरचा जिना उतरावा तशा, आणि मग तो त्या ठिकाणी पोचला जिथे मी केव्हाची जाऊन उभी होते. चार मात्रा, मी जन्मात न ऐकलेल्या. आपल्याच उशीचा अभ्रा काढावा आणि आत दुसऱ्या कोणाचे तरी केस सापडावेत तसं झालं मला. घशाशी आंबट आलं. मांडीवरची माझी बोटं मला एकदम परकी दिसायला लागली, गुबगुबीत, घामेजलेली, कोणाकडून तरी उसनी आणलेली आणि न धुता घातलेली, त्या मोज्यासारखी. आणि मी तोंडावर हात धरून खाली बघितलं तर आई माझ्यासमोर उकिडवी बसून बुटाची नाडी ओवत होती आणि तिचा हात थांबला होता. ती वर बघत नव्हती. पण तिचे ओठ हलून गेले होते, आवाज न करता, बरोब्बर त्या चार मात्रांवर. आधी नाही, मागाहून नाही. तिला ते येत होतं.

"आई, ते काय होतं?"

"काय काय होतं? अंगठा लागतोय का पुढे?"

"गाण्यात. आत्ता, मधे. आपल्यात नाहीये ते."

"ते होय." तिने नाडी ओढून घट्ट केली. "मुळात ते तसंच आहे. आपल्या तबकडीला तिथे उचकी लागते."

"उचकी म्हणजे?"

"ओरखडा आहे ना तिथे. सुई उडते. ऊठ, चालून बघ, टाच सुटते का."

मी चालले. दुसऱ्याच पावलाला पोट वर आलं आणि मी गालिच्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. विक्रेती मुलगी मोठ्या प्रेमाने जवळ आली आणि म्हणाली, "ओकायचं असेल तर बाहेर हं, ताई. आणि मोजा आधी द्या." मला हसू आलं आणि त्याने उमासा वाढला. बूट घेतले. बूट चांगले होते, त्यांचा काही दोष नव्हता.

ती उचकी म्हणजे काय चीज आहे हे कळायला आदल्या दिवशीचा रेडिओ सांगायला हवा. मामाला स्टुडिओत बोलावलं होतं, 'मला घडवणारे अल्बम' ह्या विषयावर, आणि तो मलाही घेऊन गेला होता. भिंतींना सगळीकडे राखाडी स्पंज होता, अंड्यांच्या खोक्यासारखा, आणि त्याला कोणाच्या तरी जेवणाचा वास येत होता, पण मला तेव्हा तो कलेचा वास वाटला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमची ती प्रसिद्ध उडी, ती कशी सुचली? कारण मामाची ती उडी प्रसिद्ध आहे. त्याच्या बँडचे चाहते तिला नुसतं उडी म्हणतात. कार्यक्रमात ती जागा आली की सगळं सभागृह खरोखरच एकदा उडी मारतं. ती छापलेले सदरे निघालेत, माझ्याकडे दोन आहेत. मामाने डोळे मिटले. खालच्या आवाजात, जसा तो घरी कधीच बोलत नाही, तो म्हणाला, "काळ सरळ रेषेत चालतो ह्यावर माझा विश्वास नाही. खुर्चीवाला पहिल्यांदा ऐकला तेव्हाच मला वाटलं, इथे चार मात्रा जास्त आहेत. मी त्या गिळल्या." बाई म्हणाल्या, वा. मी काचेच्या ह्या बाजूला मान इतकी जोरात हलवली की कानावरचा हेडफोन गळ्यात आला. पुढे त्याने सांगितलं की शाळा बुडवून तो तबकड्यांच्या दुकानात गेला होता, दुकानदाराने त्याला ऐकायच्या काचेच्या खोलीत बसवलं, आणि बाहेर आला तेव्हा त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते. शेवटी बाईंनी विचारलं, आणि ही कोण? "ही माझी शिष्या," मामा म्हणाला. भाची नाही म्हणाला. मला वाटलं होतं, केवढा हा मान. बसमधून घरी येताना मी तो शब्द चघळत होते, माझी शिष्या, माझी शिष्या, आणि आता दुकानाच्या पायरीवर उभी राहून तोच शब्द मला परत आला तेव्हा तो कोणाच्या तरी तोंडातून काढलेल्या च्युइंगमसारखा लागला, चव गेलेला आणि अजून ऊबदार.

खरं तर चघळणं हा मामाचाच विषय. तो गिटारची नखी, तारा छेडायचा तो छोटा तिकोनी तुकडा, सतत तोंडात ठेवतो. बोलताना ती एका गालातून दुसऱ्या गालात जाते. रविवारी मी त्याच्या खोलीवर शिकायला जायची, आणि मला काही दाखवून झालं की तो ती तोंडातून काढून माझ्या हातावर ठेवायचा, "घे, वाजव." ओली. कडांना दातांचे बारीक चावे. आणि मी ती घ्यायची. माझ्या खिशात आईने स्वतः बनवलेली नखी असायची; आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते, नव्या फ्रेममध्ये आधी जी नमुन्याची प्लास्टिकची काच असते ती कापून तिने मला तिकोन करून दिला होता, कडा घासून इतका गुळगुळीत की हातातून मासा सुटावा तसा सुटेल. पण मी तो वापरायची नाही, कारण मामाची ओली नखी म्हणजे दीक्षा होती. त्याच्या खोलीत सिगारेटची राख चहाच्या कपात असायची आणि कपात अर्धा चहा असायचा. गादीच्या चादरीवर त्याच्या डोक्याच्या आकाराचा पिवळा डाग होता. ते सगळं मला थोर वाटायचं. काळ्यावर मी तार हाताच्या तळव्याने दाबून आवाज मुका कसा करायचा ते शिकले. मासेवाल्यावर गप्प बसायला शिकले, कारण त्यात दोन सुरांच्या मधे एवढी जागा आहे की तेवढ्यात माणूस उठून खिडकी लावून येईल. उघड्यावर घाण वाजवायला शिकले, मुद्दाम, खरखरीत, नखांत माती गेल्यासारखं. आणि खुर्चीवाल्यावर ती उडी. तबकडीचा एक फेरा म्हणजे त्या गाण्याच्या जवळजवळ चार मात्रा होतात, आता मी हे मोजून बघितलंय. सुई एक वेढा उडते आणि तालात येऊन पडते, म्हणून तर ती चूक वाटत नाही, अक्कल वाटते. "फोनवर ऐकलंस तर कान कुजतील," मामा म्हणायचा, आणि मी, जी गणिताच्या बाईंना फळ्यापाशी जाऊन चूक दाखवते, मी ते मुकाट ऐकलं. एकदाही शोधून बघितलं नाही. ह्याचीच सगळ्यांत जास्त शिसारी आली मला. त्याने मला फसवलं असं म्हणावं तर मी तोंड आ करून उभी होते, भरव म्हणून.

आम्ही पायीच सभागृहाकडे निघालो. आईच्या हातात पिशवी, पिशवीत बुटांचं खोकं, खोक्यात माझे जुने बूट, नवे पायात. रस्त्याच्या कडेला कोणीतरी सांडलेल्या दुधावर माशा बसल्या होत्या आणि मी एकेका माशीकडे बघत चालले होते.

"ओरखडा कसा पडला?" मी विचारलं.

"पडला."

"आई."

"अगं, आमच्याकडे गिटार एकच होती. मी तबकडी लावून तिच्याबरोबर वाजवत बसले होते. तो आला, म्हणाला आता माझी पाळी. मी म्हटलं, एवढं संपू दे. त्याने सुईचा दांडा धरला, मी त्याचा हात धरला."

"मग?"

"मग काय, खर्रर्र."

"गिटार तुझी होती?"

"तबकड्या माझ्या होत्या. गिटार दोघांची, म्हणजे तशी माझीच." ती एका खड्ड्याला वळसा घालून पुन्हा माझ्या बाजूला आली. "त्या काचेच्या खोलीत मी बसले होते. तो बाहेर माझं दप्तर धरून उभा होता. पाय त्याचे लटपटले हे मात्र खरंय, दप्तर जड होतं."

"म्हणजे काल तू रेडिओ ऐकलास."

"ऐकला की. दुकानात लावला होता, मशिनच्या आवाजात जेवढा ऐकू येतो तेवढा. छान बोलतो तो."

"छान बोलतो? आई, त्याने तुझं नावसुद्धा घेतलं नाही."

"मालकांनी विचारलं, तुमचा भाऊ का. मी म्हटलं, हो."

मला आईचीही किळस आली. हे लिहायला नको वाटतंय, पण आली. तिच्या नखांच्या कडेला काच घासल्याची पांढरी पूड कायमची बसलेली असते आणि तिच्या त्या समंजस आवाजातही तसलीच काही पूड आहे असं वाटलं, सगळं घासून घासून गुळगुळीत करणारी. इतकी वर्षं ती रविवारी मला त्याच्या दारापर्यंत सोडायची. आत माझ्या बोटांनी तिची उचकी गिरवली जायची आणि ती बाहेर जिन्यात भाजी निवडत बसायची, मी समजायची तिला संगीतातलं काही कळत नाही. मी एकदा तिला म्हटलंही होतं, तू ऐक गं नुसतं, समजलं नाही तरी चालेल. आणि ती म्हणाली होती, बरं.

"तू वाजवायचं का सोडलंस?"

"सोडलं वगैरे नाही गं. पाळी त्याची आली, आणि मग ती संपलीच नाही." मग बऱ्याच वेळाने, पादचारी दिव्यापाशी थांबलेलो असताना, ती गुणगुणली. आवाज बसका, जरा नाकातला. तिने तो चढ घेतला, ती ताणलेली तार घेतली, आणि मग त्या चार मात्रा, एकेक सूर वेगळा ठेवून, भाजीवाली वजन दाखवते तशा, घे, नीट बघून घे. दिवा हिरवा झाला, मागचा माणूस आम्हाला ढकलून गेला. "पुन्हा," मी म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं.

सभागृहात दुपारी आवाजाची चाचणी होती. रिकाम्या खुर्च्या, जमिनीवर चिकट डाग ज्यांवरून नवे बूट चर्र चर्र करत निघत होते. ढोल वाजवणारा, ज्याला सगळे गड्डा म्हणतात आणि जो खरोखरच दिसायला सुरणासारखा आहे, म्हणाला, "काय गं, बूट नवे? आज घसरणार तू."

"तूच सांभाळ. खुर्ची मोडली तर ताल कोण देणार?"

"बघा, शिष्या बोलायला लागली." मामा हसला. नखी ह्या गालातून त्या गालात गेली. "चला, खुर्चीवाला. शेवटचा भाग."

आई मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी वाजवायला लागले. ती जागा आली. बोटं उडायला निघाली होती, मला आतून जाणवलं, कुत्र्याने साखळी ओढावी तसं. मी त्यांना धरून ठेवलं आणि आईच्या चार मात्रांवरून चालवत नेलं. मागे सगळा बँड उडी मारून पलीकडे पडला आणि मी अलीकडे एकटीच राहिले. भांडी पडल्यासारखा आवाज झाला आणि थांबला.

"भरकटली," गड्डा म्हणाला.

"परत वाजव," मामा म्हणाला. "एकटी." मी वाजवलं. मी त्याच्याकडे बघत होते कारण मला त्याचं तोंड बघायचंच होतं, दुकानाच्या पायरीपासून मी त्याचीच वाट बघत होते. त्याचं तोंड ढिलं पडलं. गालातली नखी दिसायला लागली. त्याने स्वतःची गिटार पुढे ओढली आणि तीच जागा वाजवायला गेला, आणि उडाला. पुन्हा गेला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून, अगदी हळू, एकेका बोटाला वाट दाखवत सुरुवात केली, आणि ती बोटं त्या कडेपर्यंत शहाण्यासारखी आली आणि उडाली. गड्डा हसला. मामाही हसला, मग नाही हसला. त्याच्या गळ्याची घाटी एकदा वरखाली झाली, आणि मला कळलं की त्यालाही घशाशी आलंय. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. एक क्षण मला त्याच्याजवळ जाऊन पाठीवर हात ठेवावासा वाटला, की ओकून टाक मामा, मलाही झालंय हे सकाळी.

पण तो मामा आहे. त्याने नखी जिभेने जागेवर नेली, केस मागे केले, आणि त्याच्या डोळ्यांत ती कालची स्टुडिओतली चमक आली.

"हेच," तो म्हणाला. "आज हेच करायचं. मी लोकांना सांगतो, ज्या चार मात्रा मी इतकी वर्षं गिळल्या होत्या, त्या आज शिष्येच्या तोंडून परत देतोय. काय? अंगावर काटा येईल पब्लिकच्या."

"आला माझ्या," गड्डा म्हणाला.

"मामा, ते आईने मला—"

"ताई," त्याने माइकमधूनच हाक मारली, रिकाम्या सभागृहात ती तीनदा ऐकू आली, "आठवतंय का गं तुला हे?"

"आठवतंय," आई मागून म्हणाली.

"बघ. आठवतंय तिला." आणि तो दिवेवाल्याला सांगायला लागला की त्या चार मात्रांना सगळे दिवे बंद, फक्त एक पांढरा, माझ्यावर आणि त्याच्यावर. म्हणजे झालं. त्याने गिळलेलंही त्याचंच होतं आणि ओकलेलंही त्याचंच. आणि ते त्याने माझ्यासमोर, आईसमोर, इतक्या सहज परत तोंडात घातलं की मला रागही येईना, नुसती शिसारी, थंड, ताठ, डोकं साफ करणारी. आम्ही ते सरळ चार मात्रांसकट बसवलं. गड्ड्याला वेळ लागला, पण बसलं. आई मागे बसून सगळा वेळ पिशवीचे बंद सरळ करत होती.

संध्याकाळी ते सभागृह माणसांनी भरलं आणि माणसांच्या वासाने. ओल्या लोकरीचा, तोंडातल्या दारूचा, अत्तराचा. एरवी मी म्हणाले असते, जनसागर. मला प्रत्येक तोंड वेगळं दिसत होतं, आणि प्रत्येकाच्या आत जीभ. मामाने ते भाषण केलं. काळ, सरळ रेष, गिळणं. लोक वा म्हणाले. मग त्याने तोंडातून नखी काढली आणि सगळ्यांसमोर, पांढऱ्या दिव्यात चकाकणारी, लाळेचा एक धागा अजून तुटायचा असलेली, ती माझ्या तळहातावर ठेवली. टाळ्या पडल्या. मी ती मुठीत घेतली आणि मूठ खिशात घातली आणि खिशातून दुसरी काढली, आईने दिलेली काचेची.

खोटं कशाला सांगू, मी फार छान वाजवलं. त्या पहिल्या चढाला मला कळलं की मला हे खरोखरच येतं, कोणी दिलेलं असो, कोणाचं उष्टं असो, आता ते माझ्या मनगटात आहे आणि माझ्याशिवाय त्याला कोणी काढू शकत नाही. ताणलेली तार आली. दिवे बंद झाले, तो एक पांढरा लागला, मामाने डोळे मिटले आणि हात वर केला, आशीर्वादासारखा, त्या चार मात्रा घ्यायला. त्या माझ्याकडे होत्या. बोटांच्या टोकांशी होत्या. त्या इतक्या सुंदर आहेत की मला रडू येईल असं वाटलं. आणि त्या त्याच्या तोंडात मी घालणार नव्हते.

मी उडी मारली.

मागे गड्डा सरळ चालत गेला आणि पुढे कोणी नाही हे कळून धडपडला. बँड अलीकडे, मी पलीकडे. मामाचा हात वरच, सुटलेल्या बसला थांबवणाऱ्या माणसासारखा. आणि लोकांनी, ज्यांनी ते सदरे घातले होते, त्यांनी त्यांच्या ओळखीची उचकी ऐकली आणि सगळ्या सभागृहाने एकदम उडी मारली, जमीन हलली, शिट्ट्या झाल्या, त्यांना वाटलं एवढं सगळं भाषण म्हणजे त्यांची केलेली थट्टा होती. मला मागच्या रांगेत आई दिसली. तिने खोक्याने तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

नंतर आत, स्टेजमागच्या अरुंद बोळात, मामा माझ्यासमोर उभा राहिला. तोंडात काहीच नव्हतं त्यामुळे तो म्हातारा दिसत होता.

"काय केलंस तू?"

"तुझी उडी मारली, मामा."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांना आवडली की."

मला वाटतं त्याला सगळं कळलं होतं. मूर्ख नाही तो. "रविवारी येऊ नकोस," तो म्हणाला. "आता नको येऊस." मी बरं म्हटलं, आईच्याच आवाजात आलं ते. खुर्चीवाला त्याच्याकडे आहे, मासेवाला, काळा, उघडा, सगळे त्याच्या खोलीत, त्या कपांच्या आणि त्या डागाच्या शेजारी, आणि पुन्हा माझ्या हाताला ते लागणार नाहीत, हे मला त्या बोळात उभी असतानाच कळलं. मूठ अजून चिकट होती. मी खिशातून त्याची नखी काढून त्याच्या हातावर ठेवली. तिच्यावर माझ्या खिशातली लव चिकटली होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तोंडात घातली नाही.

बसथांब्यावर फक्त आम्ही दोघी होतो. बाकावर कोणीतरी काहीतरी सांडून वाळवलं होतं, म्हणून आईने पिशवी पसरून मला तिच्यावर बसवलं आणि खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"मुद्दाम केलंस?"

"हो."

"वाटलंच. ताल गेला नव्हता तुझा."

"रविवारी येऊ नको म्हणाला."

"म्हणेल. दोन महिने म्हणेल." मग, "किंवा कायमचं म्हणेल."

मी माझी उजवी मूठ बाकाच्या लोखंडावर घासत बसले, ती ओली नव्हती तरी. आणि मग टकटक ऐकू आली म्हणून मी वळून बघितलं. आईची डाव्या हाताची बोटं खोक्याच्या झाकणावर होती, पांढरी पूड बसलेली नखं, वाकडी झालेली करंगळी. ती तिथे सोलो वाजवत होती, सुरुवातीपासून, आवाज नाही, पुठ्ठ्याची नुसती टकटक, चढ, वळण. मी तिच्या बोटांकडे बघत माझी बोटं गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यामागून चालायला लागले. ताणलेली तार आली, पुठ्ठ्यावर तिने बोट दाबून धरलं, थरथरवलं. वळणावर बसचे दिवे दिसले. बस आली, थांबली, दार उघडलं, आतल्या उबेचा आणि माणसांचा वास बाहेर आला. मी उठले.

"थांब," आई म्हणाली. तिने वर बघितलं नाही. "एवढं संपू दे."